परत आलेला कागद म्हणजे मंजुरी : न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन, जुन्या दप्तरांच्या मागावर

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जाणारे बहुतेक प्रवासी स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, लिबर्टी बेल आणि व्हाइट हाउसचे कुंपण पाहून परततात. माझ्या प्रवासाचा रोख थोडा वेगळा होता. नव्याने जन्मलेल्या त्या प्रजासत्ताकाचा कारभार पहिली बारा-पंधरा वर्षे प्रत्यक्षात कसा चालला, म्हणजे पत्र कोणाकडे येई, ते कोण वाची, उत्तराचा मसुदा कोण करी आणि शेवटचा शब्द कोणाचा असे, हे त्या जागी जाऊन पाहावे, अशी इच्छा होती. निघण्यापूर्वी एक कागद मात्र वाचूनच जावा. थॉमस जेफरसन यांनी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ६ नोव्हेंबर १८०१ रोजी आपल्या खातेप्रमुखांना काढलेले हे परिपत्रक आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या काळची कामाची रीत त्यात अगदी थोडक्यात सांगितली आहे. अध्यक्षांच्या नावे आलेले पत्र ते संबंधित खात्याकडे धाडत. खात्याकडे आलेल्या पत्राला उत्तर लागत नसेल, तर ते केवळ माहितीसाठी अध्यक्षांकडे जाई, आणि उत्तर लागत असेल, तर मूळ पत्रासोबत उत्तराचा मसुदाही जाई. कागद काही न लिहिता परत आला, की त्याला मंजुरी मिळाली असे समजायचे. क्वचित एखादी दुरुस्ती किंवा शंका चिठ्ठीवर येई, आणि प्रश्न गंभीर असेल तर तो प्रत्यक्ष भेटीसाठी राखून ठेवला जाई.

न्यूयॉर्कमध्ये या विषयासाठी अर्धा दिवस पुरतो. ३० एप्रिल १७८९ रोजी वॉशिंग्टन यांनी वॉल स्ट्रीटवरील फेडरल हॉलच्या सज्जात शपथ घेतली, पण ती इमारत १८१२ मध्ये पाडली गेली. आज तिथे उभी असलेली खांबांची देखणी वास्तू १८४२ मधील जकात कचेरीची आहे. प्रवेश विनामूल्य असला, तरी शनिवार-रविवारी दार बंद मिळण्याची शक्यता असल्याने कामाच्या दिवशीच जावे.

खरा ऐवज फिलाडेल्फियात आहे. १७९० ते १८०० ही दहा वर्षे राजधानी इथे होती आणि अध्यक्षांचे निवासस्थान, काँग्रेस व मुख्य खाती एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर होती. वर सांगितलेली रीत चालू शकली ती बऱ्याच अंशी यामुळे, हे मार्केट स्ट्रीटवरून चालताना नकाशा न पाहताही ध्यानात येते, कारण सकाळी पाठवलेला कागद संध्याकाळच्या आत शेरा घेऊन परत येईल, इतकाच तो पल्ला आहे. पुढे दुसरे अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स महिनोन्‌महिने मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सीच्या घरी राहू लागले, तेव्हा कारभार चार स्वतंत्र प्रमुखांत वाटला गेला आणि ते कधीकधी परस्परविरुद्ध दिशांना ओढू लागले, अशी तक्रार जेफरसन यांनी त्याच परिपत्रकात केली आहे. तक्रार करणारा राजकीय प्रतिस्पर्धी होता हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी. परंतु अंतराचा मुद्दा खोटा नाही.

सहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर अध्यक्षांच्या घराच्या पायाचे उत्खननात सापडलेले अवशेष आहेत. याच घरात वॉशिंग्टन यांनी नऊ गुलाम ठेवले होते. त्यांपैकी ओनी जज ही तरुणी १७९६ मध्ये निसटली ती पुन्हा हाती लागली नाही. वॉशिंग्टन यांचे खाजगी सचिव टोबायस लिअर यांच्या पत्रव्यवहारात राजनैतिक कामाशेजारीच हे घरगुती व्यवहारही येतात. कारभाराचा विचार करताना ते वगळू नयेत.

इंडिपेन्डन्स हॉलसमोर रांग लागते, पण शेजारच्या काँग्रेस हॉलमध्ये बरेच जण डोकावतही नाहीत. तळमजल्यावर प्रतिनिधिगृह आणि वर सेनेट अशी ती बसकी विटांची इमारत आहे. कागदपत्रांवरून झालेले दोन महत्त्वाचे वाद तळमजल्यावरच्या सभागृहातून उठले. जनरल सेंट क्लेअर यांच्या सैन्याचा नोव्हेंबर १७९१ मध्ये दारुण पराभव झाला, तेव्हा चौकशी समितीने युद्धखात्याचे कागद मागितले. वॉशिंग्टन यांनी मंत्र्यांना बोलावून विचारविनिमय केला आणि असे ठरले, की मागणी खातेप्रमुखाकडे नव्हे, तर अध्यक्षांकडे यावी. सार्वजनिक हिताला बाधा न आणणारे कागद द्यावेत आणि बाधक ते रोखावेत. त्या वेळी कागद दिले गेले. मात्र १७९६ मध्ये ब्रिटनशी झालेल्या ‘जे करारा’च्या वाटाघाटींचे कागद मागितले गेले, तेव्हा करार करण्याच्या अधिकारात या सभागृहाचा वाटा नाही, असे कारण देऊन वॉशिंग्टन यांनी स्वच्छ नकार दिला. मार्गदर्शक बहुधा शपथविधींबद्दल बोलतात, म्हणून हे दोन प्रसंग आपणच विचारावेत. माझ्या वेळच्या रेंजरने तर आनंदाने वाट वाकडी केली. परराष्ट्र खात्याची एक गंमतही याच शहरातली आहे. जेफरसन यांनी वर्षाला २५० डॉलरवर नेमलेले भाषांतरकार फिलिप फ्रेनो फावल्या वेळात सरकारवरच टीका करणारे वृत्तपत्र काढत.

इंडिपेन्डन्स हॉलसाठी वेळ ठरलेली तिकिटे आगाऊ घ्यावी लागतात. हंगामात ती लवकर संपतात. सामानाची तपासणी होते, त्यामुळे मोठ्या पिशव्या मुक्कामीच ठेवलेल्या बऱ्या.

फिलाडेल्फियाहून वॉशिंग्टनला रेल्वेने साधारण दोन तास लागतात. युनियन स्टेशनला उतरल्यावर लगतच राष्ट्रीय टपाल संग्रहालय आहे आणि ते चुकवू नये. १७९० मध्ये देशभर अवघी ७५ टपाल कार्यालये होती, आणि १७९२ च्या कायद्याने वृत्तपत्रांचे टपाल एक-दीड सेंटवर आणले, तर पत्राला अंतराप्रमाणे ६ ते २५ सेंट पडत. बातमी स्वस्त आणि खाजगी पत्र महाग, हे धोरण डोळसपणे आखलेले होते.

लायब्ररी ऑफ काँग्रेसचे हस्तलिखित वाचनालय मॅडिसन इमारतीत आहे. वाचकपत्र विनामूल्य मिळते, फक्त पासपोर्ट जवळ हवा. पेन आत नेता येत नाही, पेन्सिल चालते. अध्यक्षांची मूळ पत्रे सहसा हाती देत नाहीत, प्रतिमांवरच काम भागवावे लागते. पण त्या इतक्या स्पष्ट आहेत की निराश होण्याचे कारण नाही. जेफरसन यांच्या जावक पत्रांच्या बऱ्याच प्रती जेम्स वॉट यांच्या दाबयंत्रावर काढलेल्या आहेत. ताजे पत्र ओलसर, अतिशय पातळ कागदाखाली दाबले, की शाई उलटी उमटे, आणि कागद आरपार दिसणारा असल्याने मजकूर दुसऱ्या बाजूने सुलटा वाचता येई. कडेच्या ओळी फिसकटलेल्या आणि मधल्या ठसठशीत, असे ते पान असते. सोबत त्यांची आवक-जावक नोंदवही पाहावी. १७८३ पासून १८२६ मध्ये मृत्यू होईपर्यंत ती त्यांनी चालू ठेवली. एकीकडे लिहिलेली, दुसरीकडे आलेली पत्रे, आणि आलेल्या पत्रापुढे ते लिहिल्याची व मिळाल्याची तारीख. आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या कचेरीतल्या हेडक्लार्कने मान डोलवावी, असे ते काम आहे.

या प्रतींची किंमत आगीने ठरवली. नोव्हेंबर १८०० मध्ये युद्धखात्याची कचेरी जळाली आणि तोवरचे दप्तर गेले. इतरांकडे राहिलेल्या प्रतींवरून ते आता एका डिजिटल प्रकल्पात पुन्हा जुळवले असून ते घरबसल्या पाहता येते. १८१४ मध्ये ब्रिटिश सैन्य वॉशिंग्टन शहरावर चालून आले, तेव्हा परराष्ट्र खात्यातील कारकून स्टीफन प्लेझंटन यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा, राज्यघटना आणि अन्य कागद लिननच्या पिशव्यांत भरून व्हर्जिनियातील लीसबर्ग येथे हलवले. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या घुमटाखाली त्या जाहीरनाम्यापुढे लोक रांगेने उभे असतात, तिथे मला हा कारकूनच आठवत राहिला.

भारताचा धागा हवा असेल, तर बेंजामिन जॉय यांचे नाव शोधावे. वॉशिंग्टन यांनी १७९२ मध्ये त्यांना कलकत्त्याला वाणिज्यदूत नेमले, पण ईस्ट इंडिया कंपनीने ते पद मान्य केले नाही आणि केवळ व्यापारी प्रतिनिधी म्हणून राहू दिले. त्याच वर्षांत पुण्यात नाना फडणीसांचे दप्तर भरात होते. पेशवे दप्तर चाळलेल्यांना दोन्ही कारभारांतील कागद फिरवण्याच्या रीती ताडून पाहण्यात रस वाटेल.

जाण्यापूर्वी ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या विनामूल्य संकेतस्थळावर हवी ती पत्रे शोधून त्यांच्या तारखा टिपून ठेवाव्यात. छापील पाठ आधी वाचलेला असला, की त्या काळचे लांबट ‘एस’ आणि तोडलेले शब्द प्रतिमेत अडत नाहीत. हिवाळ्यात गर्दी कमी असते. अर्थसंकल्प अडकून सरकार ठप्प झाले, की राष्ट्रीय उद्याने आणि संग्रहालये बंद पडू शकतात, म्हणून तिकिटे काढताना बातम्यांवर नजर ठेवावी आणि मुक्कामाचे आरक्षण रद्द करता येण्याजोगेच घ्यावे. वेळ उरल्यास शार्लट्सव्हिलजवळच्या मॉन्टिसेलोला जावे. लिहिता लिहिता दुसरी लेखणी आपोआप प्रत काढते, ते जेफरसन यांचे आवडते पॉलिग्राफ यंत्र तिथे पाहता येते. त्यासाठी मात्र भाड्याची गाडी आणि अख्खा दिवस राखून ठेवावा.