दिवेवाली बाई आणि बोर्डवाले काका

टूर मॅनेजरचं काम म्हणजे हजेरी घेणं. माणसं मोजायची, बॅगा मोजायच्या, मग परत माणसं मोजायची. २०१९ची गोष्ट, म्हैसूर-उटी ग्रुप होता, ४१ लोक, बहुतेक सगळे रिटायर्ड. जगनमोहन पॅलेसबाहेर बस लागली आणि मोजली तर ४०च टाळकी. अजून सेंट फिलोमिना चर्च बाकी होतं आणि रविवार असल्यामुळे सातला मोठ्या राजवाड्याची लायटिंग, लाखभर बल्ब एकदम पेटतात ते, ते चुकलं तर लोक मला कच्चा खाणार.

नसलेले एक कोण ते लगेच कळलं. इस्लामपूरकडचे काका. काकू बसमध्ये गुडघा चोळत बसलेल्या, म्हणाल्या, "अहो तिथंच असतील, त्या दिवेवाल्या बाईसमोर. मी हाका मारून दमले."

परत आत पळालो. जगनमोहनमधलं ते चित्र बऱ्याच जणांनी पाहिलं असेल, निदान कॅलेंडरवर तरी. हातात दिवा धरलेली बाई, दुसऱ्या हाताचा आडोसा केलाय आणि ज्योतीचा उजेड बोटांतून आरपार आलाय. ग्लो ऑफ होप म्हणतात त्याला. काका समोर उभे होते, हात पाठीमागे, मान थोडी वाकडी, आणि अगदी सावकाश एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे करत होते.

मी आपला नेहमीचा मॅनेजरी सूर लावला, "चला काका, रवी वर्मांची अजून खूप चित्रं आहेत, फोटो दाखवतो बसमध्ये."

काकांनी वळून बघितलं. रागावले नाहीत, पण शाळेत गुरुजी बघतात तसं बघितलं. "हे रवी वर्मांचं कोण म्हणालं तुम्हाला? हळदणकरांचं आहे हे. सावळाराम हळदणकर, आपले सावंतवाडीचे."

खरं सांगतो, मला घाम फुटला, कारण तोपर्यंत सात-आठ वर्षं मी प्रत्येक ग्रुपला छातीठोकपणे रवी वर्मा सांगत आलो होतो. मला माझ्या सीनियरने सांगितलं, मी पुढे ढकललं, संपला विषय. नंतर शोधलं तर काय, रवी वर्मा गेले १९०६मध्ये आणि हे चित्र १९४५-४६च्या सुमाराचं! चित्रातली बाई म्हणजे हळदणकरांची स्वतःची मुलगी गीता, त्या पुढे कोल्हापूरला राहायच्या आणि आमच्या ट्रिपच्या आदल्याच वर्षी १०२ वर्षांच्या होऊन गेल्या. म्हणजे माझ्या बसमध्ये कोल्हापूरचे सहा लोक होते, आणि मी त्यांना केरळच्या रवी वर्मांची गोष्ट सांगत होतो.

पण मला भिडलं ते वेगळंच. काका म्हणाले, "मॅनेजर, दोन मिनिटं द्या फक्त. हे ऑइल नाही, वॉटरकलर आहे, कळतंय का?" मी मान हलवली, मला काय कळणार. मग म्हणाले, मी पस्तीस वर्षं बोर्ड रंगवले, किराणा दुकानं, शाळा, ट्रकच्या पाट्या, फ्लेक्स आलं तेव्हा ब्रश ठेवला. "आमच्या इनॅमलला चुकलं तर रॉकेलचा बोळा फिरवायचा, नाहीतर सुकल्यावर वरून मारायचं. पिवळं हवं तर पिवळं, पांढरं हवं तर पांढरं. इथं तसं नाही. ज्योतीजवळ जो उजेड दिसतोय ना तो रंग नसणार, तो कागद असणार. कागद तेवढा सोडायचा आणि बाकीचा अंधार हलक्या हातानं, थरावर थर देत आणायचा. आणि एक थेंब इकडचा तिकडं गेला की बसा बोंबलत."

मग बोटांकडे दाखवलं, लांबूनच. तिथला माणूस आधीच आमच्याकडे डोळे वटारून बघत होता. "लाल कुठं संपतो आणि सावली कुठं सुरू होते सांगा बघू."

मी बघितलं. वर्षाला दहा-बारा ग्रुप घेऊन मी इथं यायचो, पण एवढा वेळ कधी बघितलंच नव्हतं, माझं लक्ष कायम शेवटच्या माणसाकडे असायचं की आला की नाही. लाल कुठं संपतो ते मला सापडलं नाही. अजूनही सापडत नाही. बाई गोड हसतेय, साडीच्या चुण्या आहेत, ते सगळं आहेच, पण माझी नजर परत परत त्या बोटांवर जायला लागली. मागून शिपाई "सार, सार" करायला लागला तेव्हा भानावर आलो. घड्याळात बघतो तर पंचवीस मिनिटं.

बसमध्ये शिव्या खाल्ल्या, हक्काच्या. चर्च फक्त बाहेरून दाखवलं. लायटिंग मात्र गाठली आणि सगळा ग्रुप मोबाइल वर करून आऽऽ करत होता. काका काकूंशेजारी बसलेले, त्यांनी मोबाइलची टॉर्च लावून वर तळवा धरला आणि मला हाक मारली. "हे बघा." बोटांच्या फटी लालभडक, कडेला केशरी, मधे हाडाजवळ जरा काळपट. "एवढंच बघून त्यांनी ते केलं. पोरगीला उभं करून. मी आयुष्यभर रोज दिवा लावला, पण हाताकडे कधी बघितलं नाही."

काकू म्हणाल्या, "बॅटरी संपवा आता, उद्या फोटो काढायला मीच सापडेन." सगळी मागची सीट हसली.

रात्री रूमवर हिशेब लिहायचे होते, ते तसेच ठेवले. लाइट बंद केला, टॉर्च लावली, हात धरला. पाच-सात मिनिटं झाली असतील, बोटं जवळ आणली, लांब नेली, लाल कुठं संपतो ते शोधत बसलो. बाजूच्या कॉटवरून आमचा किचनचा पोरगा उठून बसला आणि म्हणाला, "काय ओ दादा, काटा रुतलाय का? सुई देऊ?"