चांदा कोळसापट्ट्याच्या जुन्या शीट: चार जुळल्या, आता उंचीचं काम

५५ एल/१६, ५५ पी/४, ५६ एम/१ आणि ५६ एम/५ या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांच्या चारही एक इंची शीट आता एकमेकींना नीट जुळल्या आहेत. वणी, भद्रावती, घुग्घुस आणि चंद्रपूर (जुनं नाव चांदा)-बल्लारपूर-राजुरा हा वर्धा खोऱ्यातला सगळा कोळसापट्टा एका पडद्यावर सलग दिसतोय. शीटांचे सांधे ओलांडून नाले पुढे सरकतात, गाडीवाट एका शीटवरून निघून दुसरीवर त्याच जागी उतरते. हे पाहताना जो आनंद झाला तो इथल्या मंडळींना वेगळा सांगायला नको.

नव्याने या नादाला लागलेल्यांसाठी थोडक्यात. भारतीय सर्वेक्षण विभागाचा ५५ क्रमांकाचा चौकोन चार अंशांचा असतो. त्याचे ए ते पी असे एकेका अंशाचे सोळा भाग, आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा १५ मिनिटांचे सोळा भाग. एक इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६० ही जुनी मापणी. मेट्रिक आल्यावर तीच चौकट १:५०,००० वर गेली. चौकट तीच राहिली म्हणून जुनी आणि नवी शीट एकावर एक ठेवता येते, आणि या छंदाची सगळी मजा तिथे आहे.

वरोऱ्यासाठी मात्र अजून दोन शीट लागणार. वरोरा २०°१४′ उत्तर, ७९°०१′ पूर्व, आणि एल/१५, एल/१६, पी/३ आणि पी/४ या चार शीटांचा कोपरा २०°१५′, ७९°००′ वर. शिवाराचे तुकडे या चारही शीटांवर विखुरलेले, त्यामुळे एल/१५ आणि पी/३ मिळाल्याशिवाय वरोरा पुरा होत नाही. आणि वरोरा सोडून चालणार नाही. सरकारने १८७०च्या दशकात तिथे दगडी कोळसा काढायला घेतला, त्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आणला, आणि १९०६ साली खाण बंदही झाली. आपण ज्या शीटांवर काम करतो त्या बहुतेक या घटनेनंतरच्या. म्हणजे नकाशा काढणाऱ्यापुढे तेव्हाच एक जुनी, बंद पडलेली खाण होती.

शीटचा काळ ठरवायला समासातली वर्षं पुरत नाहीत. सर्वेक्षण एका वर्षी, छपाई दुसऱ्या वर्षी आणि रेल्वेची दुरुस्ती तिसऱ्याच वर्षी, असं सर्रास आढळतं. म्हणून मी आधी रेल्वे बघतो. बल्लारशा (बल्लारपूरचं स्टेशन) ते काझीपेट हा जोड १९२९ साली पुरा झाला आणि त्यानंतर दिल्ली ते मद्रास सरळ गाडी जाऊ लागली. शीटवर बल्लारशाच्या दक्षिणेला वर्धा नदी ओलांडणारी लाइन नसेल, तर खालची जमीन १९२९ आधीची धरायला हरकत नाही. दुसरी खूण नागभीडकडून चांदा फोर्टला येणारी नॅरोगेज. ब्रॉडगेजपेक्षा तिचं चिन्ह वेगळं असतं, ते तपासायचं.

तिसरी आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे सीमारेषा. वढ्याला पैनगंगा वर्धेला मिळते. त्या संगमावर एकेकाळी तीन मुलूख भिडत होते: वर्धेच्या पूर्वेला मध्य प्रांताचा चांदा जिल्हा, पैनगंगेच्या उत्तरेला वऱ्हाड आणि दक्षिणेला निजामाचं हैदराबाद. राजुरा तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात. १९५६ साली तो नांदेडला जोडला आणि १९५९ साली चांद्यात आला. कोळशाच्या थराला या सीमांशी काही देणंघेणं नव्हतं. नदीखालून तो सरळ पलीकडे जातो. पण बल्लारपूरची बाजू एका राज्यात आणि सास्तीची दुसऱ्यात, म्हणून कागदपत्रं दोन दप्तरांत. या पट्ट्याचा खाण-इतिहास शोधणाऱ्याला नागपूर आणि हैदराबाद अशा दोन्ही वाटा धराव्या लागतात, त्याचं कारण शीटवरची ती तुटक रेघ आहे.

आता जुळवणीचं तंत्र, कारण त्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नियंत्रणबिंदू (ज्यांच्या आधारे शीट जागेवर बसवतात ते) म्हणून देवळं, पूल, रस्त्यांचे तिठे घेऊ नका. शीटवर दर ५ मिनिटांना अक्षांश-रेखांशांच्या रेघा छेदतात, १५ मिनिटांच्या चौकटीत असे सोळा छेद मिळतात, तेच घ्या. मात्र ते डब्ल्यूजीएस-८४ या आजच्या जीपीएसच्या प्रणालीमध्ये टाकू नका. जुनी शीट एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीचा तेव्हा धरलेला आकार) बसवलेली आहे, मूळबिंदू मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळचं कल्याणपूर. कल्याणपूर १९७५ ही प्रणाली निवडून बिंदू द्यायचे आणि मग रूपांतर करायचं. हे न करता शीट थेट बसवली तर आपल्या भागात सगळं दीड-दोनशे मीटर सरकतं. खाणीच्या कामात दोनशे मीटर म्हणजे एखादं आख्खं गाव.

तपासणीसाठी मग जमिनीवरच्या पक्क्या जागा वापरायच्या. चंद्रपूरच्या परकोटाचे जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे माझ्या मते या पट्ट्यातले सर्वोत्तम तपासबिंदू आहेत. दगडी आहेत, जागचे हललेले नाहीत आणि उपग्रहचित्रात ओळखता येतात. इरई-झरपटचा संगम मोहात पाडतो, पण नदीवर विसंबू नये.

१९०५ आधीचा नकाशा हाती लागला तर आणखी एक गोष्ट. तेव्हा मद्रास वेधशाळेचा रेखांश जास्त धरलेला होता, म्हणून सगळे रेखांश २′२७″ ने कमी करावे लागतात. आपल्या अक्षांशावर हा फरक सव्वाचार किलोमीटर भरतो. ज्या मोजणीवर हे सगळं उभं आहे ती १८०२ साली मद्रासेत सुरू करणारा विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे, आपल्या ५५ एल/१४ वर. नागपूर-चंद्रपूर रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक नकाशावेड्याने थोडी वाट वाकडी करून तिथे जावं असं मला मनापासून वाटतं.

यावेळचं खरं नवं काम उंचीचं आहे. जुन्या शीटवर दर ५० फुटांना तपकिरी कंटूर (समान उंचीची रेघ) असतो. चंद्रपूरच्या आसपासची जमीन साधारण १९० मीटर, म्हणजे ६०० आणि ६५० फुटांच्या रेघांमध्ये. इतकी सपाट जमीन की एका शीटवर रेघा थोड्याच भरतात. त्या सगळ्या हाताने गिरवल्या, स्पॉट हाइट (एकेका जागेची छापलेली उंची) आणि त्रिकोणी मोजणीच्या बिंदूंच्या उंच्या भरल्या, फुटांचे मीटर केले आणि त्यातून खाणींच्या आधीचा पृष्ठभाग तयार केला. त्यावर फेब्रुवारी २००० मधल्या अवकाशयानातून (शटल) झालेल्या रडार मोजणीची उंची ठेवली, आणि तिच्यावर २०११ ते २०१५ दरम्यानच्या उपग्रह-मोजणीवर बेतलेली युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाची. एकाच जमिनीचे तीन काळ.

२००० च्या उंचीतून जुना पृष्ठभाग वजा केला, त्या पहिल्या वजाबाकीत सात-आठ मीटरपर्यंतच्या फरकाला मी काहीच अर्थ देत नाही. ५० फुटांच्या अंतराच्या रेघांतून त्याहून बारीक काही निघत नाही, शिवाय रडारला झाडांचे शेंडेही जमीन वाटतात. पण खुल्या खाणी या गोंधळाच्या कितीतरी वर येतात. पद्मापूर-दुर्गापूर, राजुऱ्याकडची सास्ती-धोपटाळा, घुग्घुसच्या पलीकडे निलजई-मुंगोली: प्रत्येक ठिकाणी एक खोल खड्डा आणि त्याला लागून ओबीचा (ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांचा) डोंगर. जुन्या शीटवर जिथे एकही कंटूर जात नव्हता तिथे आज टेकड्या आहेत. भूमिगत खाणी मात्र या वजाबाकीत जवळजवळ दिसत नाहीत. बल्लारपूरच्या जुन्या भूमिगत खाणीने जमिनीखाली कितीही पोकळी केली तरी वरचा नकाशा तसाच राहिला. १९७३च्या राष्ट्रीयीकरणानंतर खुल्या खाणी वाढत गेल्या, आणि जमीन खऱ्या अर्थाने बदलली ती तेव्हापासून.

मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते नाले. ओबीचा ढिगारा उभा राहिला की त्याच्या पायथ्याचा नाला वळवला जातो किंवा बुजतो. जुन्या शीटवर तो निळ्या रेघेने नेमका दाखवलेला असतो, पांदण आणि बोडी (लहान तलाव) यांच्यासकट. इरईला पूर आला की पाणी कुठून शिरलं यावर चर्चा होते, तेव्हा या निळ्या रेघा समोर असायला हव्यात. म्हणून आता चारही शीटांवरचे नाले वेगळ्या थरात गिरवायला घेतले आहेत. एम/५ चे झाले, एम/१ चे अर्धे बाकी आहेत. त्यानंतर रीठ मौजे: शीटवर नाव आहे पण वस्ती नाही, अशी गावं. त्यातली काही खाणी येण्याच्या कितीतरी आधीच ओस पडलेली होती. त्यांना खाणीत गेलेल्या गावांपासून वेगळं नोंदवलं नाही, तर विस्थापनाचा हिशोब चुकेल.

५५ एल/१५ आणि पी/३ ची एक इंची आवृत्ती कुणाकडे स्कॅन केलेली असेल तर कळवा. घडीचे डाग चालतील, फक्त चारही समास शाबूत असावेत.