आमची वाटचाल: समुद्राचा माहितीपट, किनाऱ्यावरच्या भिंतीवर

समुद्रावर माहितीपट करणारी आमची कंपनी छोटी आहे. पाण्याखालचे चित्रण, ध्वनी, संकलन आणि किनाऱ्यावरच्या वस्त्यांमध्ये खेळ लावणे, एवढेच काम. सुरुवातीला बहुतेक सगळे अंदाजपत्रक चित्रणात जायचे. आता एक तृतीयांश रक्कम खेळांसाठी आणि त्यानंतरच्या फेऱ्यांसाठी आधीच बाजूला निघते. वाटचाल म्हणून सांगण्यासारखा मोठा बदल हाच.

देखणे प्रवाळ पाहून लांबचा प्रेक्षक हळहळतो. ज्याचे जाळे त्या पाण्यात पडते, त्याला हळहळीचा उपयोग नसतो. आपल्या पाण्यात काय चालले आहे, आणि आपल्यासारख्या दुसऱ्या कोणी काही करून पाहिले असेल तर त्याला किती दिवसांत काय मिळाले, हे त्याला बघायचे असते. मादागास्करच्या नैऋत्य किनाऱ्यावर आंदावादोआका गावाजवळ 2004 मध्ये ऑक्टोपस धरण्याची एक जागा काही महिन्यांसाठी बंद ठेवली गेली. ऑक्टोपस झपाट्याने वाढतो, त्यामुळे जागा पुन्हा उघडल्यावर फरक हातात दिसला आणि शेजारच्या गावांनी ती रीत उचलली. मेक्सिकोतल्या काबो पुल्मोत मात्र काळ वेगळा. तिथे 1995 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, मासेमारी थांबली, आणि 1999 ते 2009 या काळात माशांचे वजन हेक्टरी 0.75 टनांवरून 4.24 टनांवर गेले. दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण एकाच दमात सांगितली तर फसवणूक होते. प्रवाळावरच्या मोठ्या माशांना दशक लागते. ऑक्टोपसचे महिने दाखवून हेकरूंची (प्रवाळात राहणारे मोठे मासे, ग्रूपर) जागा बंद करायला लावली, तर दुसऱ्या वर्षी ती बंदी मोडते आणि पुढच्या कोणत्याही प्रयोगावर विश्वास उरत नाही. म्हणून संहिता लिहिताना पहिला प्रश्न असतो: कोणती जात, आणि ती किती वर्षांनी वीण देते?

चित्रणाचे गणितही त्यातूनच बदलले. सुंदर दृश्यांपेक्षा एकाच जागेचे पुन्हापुन्हा घेतलेले चित्र गावाला जास्त पटते. तळाशी वाळूत किंवा मेलेल्या खडकात दोन लोखंडी खुंट्या ठोकायच्या, जिवंत प्रवाळात कधीच नाही. त्यांच्यामध्ये 50 मीटरची फीत ताणायची आणि कॅमेरा तळापासून अर्धा मीटर वर धरून 8 ते 10 मिनिटांत सावकाश पार करायचे. पुढच्या वर्षी तोच हंगाम, तीच भरतीची वेळ, तीच लेन्स. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा, पाणी कमी ढवळते आणि भरती पूर्ण होऊन थांबते तेव्हा सर्वांत स्वच्छ असते. आम्ही ती वेळ धरतो. एका वर्षी भांगाला आणि दुसऱ्या वर्षी उधाणाला चित्रण केले, तर निव्वळ गढूळपणाचा फरक लोकांना समुद्राची सुधारणा किंवा बिघाड वाटतो.

मासे मोजायला आमिषाचा कॅमेरा वापरतो. जड चौकटीवर कॅमेरा, समोर सव्वा ते दीड मीटर लांबीच्या दांड्यावर पिशवीत साधारण किलोभर कुटलेली तारली मासळी, आणि तासभर तळाशी. दोन चौकटींत किमान 250 मीटर अंतर, नाहीतर एकाच वासावर तेच मासे दोन्हीकडे येतात. मोजताना एका जातीचे एकाच वेळी चित्रात दिसलेले सर्वाधिक मासे हाच आकडा धरायचा. येणारा प्रत्येक मासा मोजला, तर दहा फेऱ्या मारणारा एकच मासा दहा होतो. ही मोजणी गावातल्या तरुणांसोबत बसून करणे फार मोलाचे, कारण आकडा त्यांचा होतो.

पाण्यात लाल रंग पहिल्या 5 मीटरमध्येच जवळजवळ संपतो. दिवे न लावता लाल फिल्टर आणि त्याच खोलीवर केलेला व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगांची जुळणी) पुरतो. दिवे लावले की फिल्टर काढायचा. गढूळ पाण्यात दिव्यांचा झोत थेट समोर टाकला की तरंगणारे कण उजळतात आणि पडद्यावर पांढरा पाऊस दिसतो. दिवे कॅमेऱ्यापासून लांब, किंचित बाहेर वळवून ठेवायचे, रुंद लेन्स लावायची आणि एक मीटरच्या आत जायचे. कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीत पाणी शिरण्याचे कारण बहुतेक वेळा ओ-रिंगवरचा (झाकणाच्या रबरी कडीवरचा) एक केस किंवा वाळूचा कण असते. ग्रीस फक्त चमक येईल इतकेच. जास्त झाले की तेच वाळू धरते. रोज पहिली बुडी रिकाम्या पेटीची.

संमतीबद्दल आम्ही कडक आहोत. लहान आसाचे (बारीक छिद्रांचे) जाळे किंवा छोटे मासे हातात असलेल्या माणसाचा चेहरा दाखवला, तर त्याला दंड होऊ शकतो आणि पुढे कोणी कॅमेऱ्यासमोर येत नाही. संमती त्याच्या भाषेत, आवाजात नोंदवतो, आणि संकलनाची कच्ची जुळणी पाहून नकार देण्याचा हक्क कायम ठेवतो. अंडी घालायला हेकरू जिथे जमतात ती जागा फायलीतल्या जीपीएस नोंदीतून किंवा ड्रोनमध्ये दिसणाऱ्या किनाऱ्यावरून ओळखता येता कामा नये. असा थवा काही हंगामांत संपवता येतो.

लांबी 18 ते 22 मिनिटे. निवेदन स्थानिक बोलीत, ओळखीच्या आवाजात. उपशीर्षके अंधारात मागच्या रांगेला वाचता येत नाहीत. मेलेल्या कासवांची दृश्ये आम्ही जवळजवळ सोडली, कारण त्यानंतर लोक गप्प होतात किंवा दुसऱ्या गावाकडे बोट दाखवतात. त्याऐवजी साधे रेखाटन चालते. उदाहरणार्थ, कॉड या थंड समुद्रातल्या माशाची 30 किलोची एक मादी 2 किलोच्या 28 माद्यांपेक्षा जास्त अंडी देते. त्या 28 जणींचे एकत्र वजन 56 किलो! तराजूचे हे चित्र आले की मोठी मादी सोडण्यावरचे बोलणे आपोआप सुरू होते. हेकरूंच्या बऱ्याच जाती आधी मादी असतात आणि वाढल्यावर नर होतात, हेही तिथेच सांगतो. त्यांच्यात फक्त मोठे मासे धरले, तर नरच संपतात. म्हणजे एकच नियम सगळ्या जातींना लावता येत नाही.

खरी मेहनत खेळाची. रात्रीची जाळी टाकणारे बरेच जण पौर्णिमेच्या आसपास, चंद्रप्रकाशामुळे, घरी असतात, म्हणजे खेळाला चांगले दिवस तेच, पण पडदा फिका पडतो. उपाय म्हणजे पडदा लहान करायचा. 4000 ल्युमेन (प्रकाशाचे माप) प्रोजेक्टरला चांदण्यात अडीच मीटर रुंदी पुरे, आणि पडद्याची पाठ चंद्राकडे. सूर्यास्तानंतर पाऊण तासाने सुरुवात. चुना लावलेली भिंत मिळाली तर कापड नकोच. किनाऱ्याच्या वाऱ्यात कापड शिडासारखे फुगते आणि खांब ओढून पाडते. कापडच लावायचे तर प्रत्येक कडीला लवचिक दोरी, आणि खालची कड थोडी सैल.

वीज मोजून नेतो: प्रोजेक्टर 300 वॅट, ध्वनी 100 वॅट, दोन तासांचे 800 वॅट-तास. इन्व्हर्टरचा तोटा धरून 1200 वॅट-तासांची बॅटरी घेतली की जनित्र लागत नाही. जनित्राच्या घरघरीत चर्चा मरते, आणि चर्चेसाठीच तर सगळे. चित्र थोडे फिके चालते, आवाज अस्पष्ट असला तर लोक दहा मिनिटांत उठतात. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसांच्या डोक्याच्या वर.

चित्रपट साधारण अकराव्या मिनिटाला थांबवतो. गावच्या तळाचे दोन वर्षांचे चित्र शेजारी शेजारी गोठवून ठेवायचे आणि विचारायचे: काय बदलले? उत्तर आपण द्यायचे नाही. पहिली दोन-तीन मिनिटे शांतता असते, ती सहन करावी लागते. पुरुष आधी बोलतात; उथळ पाण्यात शिंपल्या वेचणाऱ्या बायकांचे ज्ञान राहून जाते, म्हणून त्यांच्यासाठी दुपारचा वेगळा खेळ, बंद खोलीत. तो आम्ही कधीही वगळत नाही. अधिकाऱ्यांना चित्रपट गावाच्या आधी दाखवत नाही, नाहीतर गावाला तो वरून आलेला हुकूम वाटतो.

महिन्याभराने पुन्हा जातो. तेव्हा चित्रपट नाही, फक्त एक वही: कोणती जागा, कधीपासून कधीपर्यंत, राखण कोणाची, मोडणाऱ्याचे काय. वर्षाने पुन्हा फीत, पुन्हा आमिषाचा कॅमेरा, आणि नवे चित्र त्याच भिंतीवर, वाईट आले तरी. मूळ चित्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर गावात राहतात, प्रत्येक फाइलच्या नावात खुंटीचा क्रमांक, तारीख आणि भरतीची वेळ, म्हणजे पुढचे चित्रण कोणीही केले तरी ते याच्याशेजारी लावून पाहता येईल.