थोरोंग ला नंतरचा वारा: अन्नपूर्णा परिक्रमेला निघणाऱ्यांसाठी

नेपाळमधल्या आमच्या अन्नपूर्णा परिक्रमेची आखणी करून देणाऱ्याने ठासून सांगितले होते की, 5,416 मीटर उंचीची थोरोंग ला खिंड ओलांडली की अवघड भाग संपतो आणि मुक्तिनाथपासून पुढे नदीकाठाने निवांत उतरायचे असते. हे साफ खोटे आहे. खिंड दमवते खरी, पण शरीराला उंचीची सवय होऊ दिली आणि पहाटे लवकर निघाले, तर रोज डोंगर चढणारा माणूस ती पार करतो. कागबेनी ते मार्फा हा काली गंडकीच्या पात्रालगतचा टप्पा मात्र भर दुपारी अंगावर घेऊच नये. बेसीसहर ते मनांगची वाट सुरेख आहे आणि तिची माहिती सगळीकडे मिळते, म्हणून ती येथे सोडून देतो.

त्या वाटेवरची एकच गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचे सारे तिच्यावरून समजते. पिसांगपासून मनांगकडे जाताना दरीच्या दोन बाजू नीट पाहाव्यात. अन्नपूर्णेच्या अंगाचा, उत्तरेकडे तोंड असलेला उतार पाइनने भरलेला आहे आणि त्याच्या वर भूर्जाची झाडे आहेत, ज्यांची साल बोटाने धरली तर कागदासारखी पापुद्र्यापापुद्र्याने सुटते. समोरच्या, दिवसभर उन्हात भाजणाऱ्या उतारावर मात्र जुनिपरची खुरटी झुडपे आणि उघडा खडक. उंची तीच आणि पाऊसही जवळपास तेवढाच. पण सावलीत बर्फ उशिरा वितळतो, ओल टिकते आणि तेवढ्यावर जंगल उभे राहते. खिंडीपलीकडे ही ओलच संपते.

कागबेनीहून आम्ही न्याहारी करून सावकाश निघालो, कारण जोमसोम जवळच आहे, घाईचे कारण नाही, असे आम्हाला सांगण्यात आले होते. अकराच्या सुमारास वारा सुटला आणि तासाभरात उभे राहणे कठीण झाले. हा वारा दक्षिणेकडून येतो, म्हणजे उतरणाऱ्याच्या थेट तोंडावर. वाळू दातांत कचकच करते, बारीक खडे गालांवर सडसडून आपटतात, सॅकवरचे आवरण शिडासारखे फुगून माणसाला मागे ओढते आणि शेजारच्याशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. त्यात रस्त्यावरून एखादी जीप गेली की धुळीच्या लोटात काही क्षण काहीच दिसत नाही.

हे त्या दिवसाचे वाईट हवामान नव्हते, हे ध्यानात घ्यावे. तेथे बहुतेक दिवशी हेच घडते. सूर्य वर आला की उत्तरेकडचे मुस्तांगचे उघडे पठार झपाट्याने तापते, तेथील हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला दक्षिणेकडची हवा धावते. तिला वाट मिळते ती धौलागिरी (8,167 मीटर) आणि अन्नपूर्णा (8,091 मीटर) यांच्यामधल्या घळीतून, आणि घळ ओलांडून दरी रुंदावली की वेग आणखी वाढतो. ताशी 50 ते 70 किलोमीटर वेगाचा वारा येथे नवलाचा नाही. जोमसोमची विमाने सकाळीच उडतात ती यामुळेच.

या प्रदेशाचे रूपही याच हवेने घडवले आहे. दक्षिण उतारावरच्या लुम्ले येथे वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून सरळ रेषेत 60 किलोमीटरांच्या आत असलेल्या जोमसोमला 300 मिलिमीटरही नाही. महाबळेश्वर आणि माणदेश यांच्यातील फरक ज्याने पाहिला आहे, त्याला पर्जन्यछाया नवी नाही. पण येथे तिच्यावर वाऱ्याचा दुसरा हात फिरतो. दुपारी हवा दोन्ही उतारांवरून वर चढते आणि दरीच्या मधोमध खाली बसते, त्यामुळे ढग उंच उतारांवर जमतात आणि नदीचा तळ कोरडाच राहतो. म्हणून जोमसोमच्या खाली उतरताना झाडे डोक्यावर, उतारांवर दिसतात आणि पायाशी गादीसारखी जमिनीला चिकटलेली काटेरी झुडपे. माणसांनीही तसेच केले आहे: पाऊस नाही म्हणून घरांना सपाट मातीची छपरे, आणि मार्फ्याची घरे वाऱ्याकडे पाठ करून एकमेकांना बिलगलेली.

आता सल्ला. कागबेनीहून उजाडताच निघा आणि दहाच्या आत जोमसोम गाठा. पुढे मार्फा दुसऱ्या दिवशी सकाळी. डोळ्यांना बाजूनेही झाकणारा गॉगल आणि नाकातोंडावर बांधायला कापड हवेच, टोपी बांधलेली नसेल तर ती गेलीच म्हणून समजा. जीप हवी असेल तर आदल्या संध्याकाळी दर ठरवा. वाऱ्यात अडकलेल्यांना गाठून एका जीपवाल्याने आमच्याकडे सकाळच्या दराच्या तिप्पट मागितले आणि घासाघीस करण्याइतकेही त्राण उरले नव्हते म्हणून आम्ही ते दिले. ही लूट आहे आणि ती फक्त दुपारी चालते. मुक्तिनाथच्या यात्रेला येणाऱ्या मराठी मंडळींनीही, विशेषतः वयस्कर सोबत असतील तर, जोमसोमकडे परतण्याचा प्रवास सकाळीच आटोपावा.

जोमसोमला जास्त मुक्काम करू नका. वाचलेला दिवस कालोपानी-लेते येथे घालवा. तेथे पुन्हा दाट सूचिपर्णी जंगल लागते आणि ओल्या मातीचा वास येतो. त्या वासाने मला झालेला आनंद खिंडीच्या माथ्यावरच्या आनंदाहून मोठा होता. घासा या गावाच्या खाली दरड कोसळणारा टप्पा आहे, तो गाडीने ओलांडा, पायी चालण्यात काही कमाई नाही. तातोपानी (सुमारे 1,200 मीटर) ते घोरेपानी (सुमारे 2,860 मीटर) हा चढ अनेक जण टाळतात आणि पोखऱ्याला जाणारी गाडी पकडतात. गुडघे शाबूत असतील तर टाळू नका, पण एका दिवसात उरकण्याचा हट्टही धरू नका. शिखा गावात मुक्काम करा. वरचे ओक आणि गुरांसचे (रोडोडेंड्रॉनचे) जंगल बुंध्यापासून फांदीपर्यंत शेवाळाने मढलेले आहे, आणि तेथे दुपारी धुके उतरते, तेव्हा कोरडे मोजे सॅकमध्ये सर्वांत वर ठेवा.