शेजारच्या टेबलावरचं

हॉटेलात जेवायला गेलं की मेनूकार्ड हातात पडायच्या आधीच आपली नजर आजूबाजूच्या टेबलांवरून एक फेरी मारून आलेली असते. उघड उघड नाही, पाण्याचा ग्लास उचलता उचलता, पंखा कुठे आहे ते बघितल्यासारखं करत. तिथे काहीतरी वाफाळतं, देखणं दिसलं की मेनूकार्डाची सगळी पानं फुकट. मग वेटरला जवळ बोलावून, आवाज खाली आणून विचारायचं, "त्यांनी काय मागवलंय?" तोही तितक्याच हळू आवाजात सांगतो. त्याला हा प्रश्न रोजचाच.

ऑर्डर ठरवताना "मला काहीही चालेल" म्हणणारा एक जण असतोच. त्याला काहीही चालत नाही. सुचवलेल्या प्रत्येक पदार्थावर तो "ते नको, बाकी काहीही" म्हणतो. दुसरा एक मेनूकार्ड उजवीकडून वाचतो, म्हणजे आधी किंमत, मग पदार्थ. आणि कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मधूनच एखादं नाव मोठ्याने उच्चारतो. तिसरा अथपासून इतिपर्यंत सगळं वाचून शेवटी नेहमीचंच मागवतो. मी या तिसऱ्यातला.

खरी पंचाईत एकेकाने ऑर्डर सांगताना होते. आपण मनात जे पक्कं केलेलं असतं, ते नेमकं शेजारचा आधी बोलून जातो. आता पुन्हा तेच कसं सांगायचं? 'याला स्वतःचं काही सुचत नाही' असं वाटायला नको, म्हणून ऐन वेळी भलतंच काहीतरी तोंडातून निघतं आणि पुढचा अर्धा तास आपण त्याच्या ताटाकडे बघत आपलं संपवतो. डॅन एरिएली आणि जोनाथन लेव्हाव या संशोधकांनी २००० साली नेमका याच गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. सगळ्यांसमोर मोठ्याने ऑर्डर देणारे लोक एकमेकांपेक्षा वेगळं काहीतरी मागवत आणि आपल्याच निवडीवर नाराज राहत. खूश असे तो सगळ्यांत आधी बोललेला. तेव्हापासून मी वेटर आला की घसा खाकरून पहिला नंबर लावतो. थोडं असभ्य दिसतं, पण पोटापुढे किती सभ्यपणा करायचा?

ऑर्डर गेली की टेबलावरच्या गप्पांना रंग चढतो म्हणतात, पण नीट बघा. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांचे डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे असतात. दार ढकललं जातं, ट्रे बाहेर येतो, आपल्याच दिशेने वळतो. सगळे सावरून बसतात. कुणी मोबाईल उचलून जागा करतं, कुणी चमचा सरळ करतं, चालू वाक्य अर्ध्यावर सुटतं. ट्रे येतो, आपल्याला वळसा घालतो आणि मागच्या टेबलावर टेकतो. तेही आपल्यानंतर आलेल्यांच्या! मग कुणीतरी "हां, तर मी काय सांगत होतो" म्हणतं. काय सांगत होता ते कुणालाच आठवत नसतं, त्यालाही नाही.

बिलाच्या वेळची ओढाताण सगळ्यांना पाठ आहे, त्यावर फार बोलत नाही. हवेत सही केल्यासारखा हात हलवून बिल मागणारा आणि त्याच क्षणी ज्याला हमखास हात धुवायला जायचं असतं तो, हे दोघे एकाच टेबलावर असतात एवढंच.

मला कौतुक वाटतं ते वेटरचं. आपण इतरांच्या ताटात डोळे घालून बसलेलो असताना आपल्या टेबलाचं कमी तिखट, बिनबर्फाचं, 'जरा थांबून आणा' हे सगळं तो डोक्यात घेऊन फिरत असतो. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या हे लक्षात आलं होतं म्हणतात: बिल चुकतं व्हायचं असेपर्यंत वेटरला सगळं तोंडपाठ, पैसे मिळाले की पाटी कोरी. लेविनची विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक हिने मग प्रयोग केले आणि पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली कामं माणसाला जास्त आठवतात, असा निष्कर्ष १९२७ साली मांडला.

तेव्हा कधी चष्मा टेबलावर विसरून पाच मिनिटांत धावत परत गेलात आणि तासभर आग्रहाने वाढणाऱ्या त्याच वेटरने "कुठल्या टेबलावर होतात तुम्ही?" असं विचारलं, तर मनाला लावून घेऊ नका. बिल भरलंय तुम्ही.