नॉरफोकमधली जानेवारीची बदकशिकार: सकाळी हाका, संध्याकाळी फ्लाइट

जागा इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्याच्या उत्तर किनाऱ्यापासून काही मैल आत. बार्लीची शेतं, एक मोठं खणलेलं तळं, आणि ओढ्याकाठच्या कुरणात गुडघाभर पाण्याचं एक डबकं. जानेवारीचा दुसरा आठवडा, गवतावर दंव, वारा ईशान्येचा. आठ बंदुका, म्हणजे आठ शिकारी. सकाळी मोठ्या तळ्यावर हाका आणि दिवस मावळताना डबक्यावर फ्लाइट, म्हणजे दाण्यावर उतरणाऱ्या बदकांसाठी दबा धरून बसणं, असा बेत होता. पुढच्या हिवाळ्यात कुणी जाणार असेल तर उपयोगी पडेल ते सगळं इथे एकत्र लिहिलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानबदकांची शिकार हा गुन्हा आहे, आणि तिकडे दिसणारी तलवार बदकं, थापटे, चक्रांग ही आपल्याकडेही हिवाळ्यात उतरतात. हे वाचून भारतात बंदूक उचलू नये.

इंग्लंडमध्ये 1981 च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टप्रमाणे आतल्या भागात बदकांचा हंगाम 1 सप्टेंबर ते 31 जानेवारी असतो. समुद्राच्या भरतीरेषेखाली तो 20 फेब्रुवारीपर्यंत चालतो. नॉरफोक रविवारी रानबदकं मारायला बंदी असलेल्या भागांत मोडतं, त्यामुळे शनिवारला जोडून रविवारचा बेत आखू नका. कडाक्याची थंडी दोन आठवडे टिकली तर हंगामातही सरकार शिकार थांबवतं. गोठलेल्या पाण्यावर उपाशी बदकं उघड्या कोपऱ्यांत गोळा होतात, तेव्हा ती मारणं सोपं असतं, म्हणूनच मारायची नसतात. जाणकार शिकारी सलग आठवडाभर गोठलं की बंदीची वाट न पाहता स्वतःहून थांबतात.

परदेशातून येणाऱ्याने स्वतःची बंदूक आणायची तर व्हिजिटर्स शॉटगन परमिट लागतं. अर्ज आपण करायचा नसतो, ग्रेट ब्रिटनमध्ये राहणारा यजमान पोलिसांकडे करतो. निदान दोन महिने आधी कागद हलवा, उशीर बहुतेक इथेच होतो. बंदूक न आणणं जास्त सुटसुटीत. खासगी जमिनीवर, तिथे इतरांना बोलावण्याचा हक्क किंवा तसा लेखी अधिकार असलेला परवानाधारक स्वतः सोबत असेल तर त्याची बंदूक विनापरवाना माणूसही शिकारीसाठी वापरू शकतो. मात्र तो सोबत म्हणजे खरोखर सोबत हवा, जेवणघरात बसलेला चालत नाही. बहुतेक ठिकाणी तृतीय पक्षाचा विमाही विचारतात.

आता काडतुसं, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. इंग्लंडमध्ये 1999 पासून बदकांवर शिशाचा छर्रा चालत नाही, जमीन कुठलीही असो. कारण साधं आहे. चिखलात पडलेले छर्रे बदकं पोटातली खडी म्हणून गिळतात, पेषणीत शिसं झिजतं आणि पक्षी विषबाधेने झुरून मरतो. पर्याय म्हणजे पोलाद, बिस्मथ किंवा टंगस्टन. पोलाद स्वस्त, पण शिशापेक्षा बरंच हलकं. त्यामुळे छर्रा दोन नंबर जाड घ्यायचा (नंबर लहान तितका छर्रा जाड). शिशाचा 5 वापरणाऱ्याने पोलादाचा 3 घ्यावा. मॅलार्ड या मोठ्या बदकासाठी 32 ग्रॅमचं 3 नंबरचं काडतूस छान चालतं, नुसत्या टीलसाठी, म्हणजे लहान चक्रांगासाठी, 4 किंवा 5 पुरतो. चोक, म्हणजे नळीच्या तोंडाचं आवळणं, पाव आणि अर्धा यापलीकडे नको. पोलादाचा छर्रा चेपत नाही, म्हणून झुबका आधीच घट्ट पडतो. जास्त चोकने पल्ला वाढत नाही, नळीवर ताण मात्र येतो. जास्त दाबाची पोलादी काडतुसं घ्यायची तर नळीवर पोलादाच्या प्रूफची, म्हणजे दाबाच्या चाचणीची, लिलीच्या फुलाची खूण आहे का ते पाहा. आजोबांच्या काळातली पातळ नळीची दुनळी असेल तर पोलाद विसरा आणि बिस्मथ घ्या. काडतुसातली छर्रे धरणारी वाटी प्लास्टिकची की विरघळणारी, हेही आधी विचारा. अनेक जमीनमालक प्लास्टिक चालवून घेत नाहीत. दिवसभराच्या हाक्याला आणि फ्लाइटला मिळून माणशी 75 काडतुसं पुरतात.

सकाळी नऊला खुंट्यांचे, म्हणजे प्रत्येकाने उभं राहायच्या जागांचे, नंबर काढले जातात. दर हाक्यानंतर दोन घरं पुढे सरकायचं: तीनवर असलेला पाचवर, मग सातवर. शिकारप्रमुख सूचना देतो तेव्हा गप्पा मारू नका. हाका कोणत्या खुणेने सुरू होतो, कोणत्या खुणेने थांबतो, कोणते पक्षी सोडायचे, हे तेव्हाच सांगितलं जातं आणि जागा बदलली की नियमही बदलतात. शेलडक हे बदक कायद्याने संरक्षित आहे. पोचार्डवर कायद्याने बंदी नाही, पण हा पक्षी जगभर घटतो आहे आणि 2015 पासून तो संकटग्रस्तांच्या यादीत आहे. त्याला सोडावं, असं आमचं ठाम मत आहे.

बदकांचा हाका फेजंट या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याच्या हाक्यासारखा नसतो. फेजंट एकदाच डोक्यावरून जातो. बदकं उठतात, तळ्याभोवती घिरट्या घेतात आणि दर फेरीला उंच होत जातात. हाकारे कुत्र्यांसह तळ्याच्या लांबच्या टोकाला शिरले की पहिली फेरी बुटकी येते आणि नवखा माणूस तिच्यावरच तुटून पडतो. या फेरीला बार टाकायचा नाही. वीस मीटरवर छर्रे इतके दाट बसतात की मांस वाया जातं, शिवाय नळी आडवी होते आणि समोर हाकारे असतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला बदकं पंचवीस-तीस मीटरवर येतात. तीच बाराची वेळ. त्यानंतर ती पल्ल्याबाहेर जातात आणि तेव्हा टाकलेला बार नुसता जखमी करतो. पोलादासाठी 35 मीटर ही शेवटची हद्द धरा. हाका सुरू होण्याआधी समोरच्या एखाद्या ओळखीच्या उंचीच्या झाडाकडे पाहून ठेवा. पूर्ण वाढलेलं पॉप्लर पंचवीस मीटर सहज असतं. त्याच्या शेंड्याहून थोडंच वर बदक असेल तर ठीक, दीडपट उंच दिसलं तर बंदूक खाली.

नेम बदकाच्या पुढे किती धरायचा, हा नेहमीचा प्रश्न. हिशेब करून पाहा. ताशी 65 किलोमीटरने जाणारं बदक सेकंदाला अठरा मीटर कापतं. तीस मीटर जायला छर्ऱ्याला सेकंदाचा अकरावा भाग लागतो. तेवढ्यात बदक दीड-पावणेदोन मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणजे तीन बदकं ओळीत मावतील एवढं अंतर. पण हे अंतर मोजत बसलात तर नळी थांबते आणि छर्रा शेपटीमागून जातो. मागून नळी आणा, शेपूट, पोट, चोच ओलांडा, पुढे उजेड दिसला की चाप ओढा आणि नळी तशीच फिरती ठेवा. चुकलेल्या दहांपैकी आठ बार मागून गेलेले असतात, असं सगळे हाकारे सांगतात.

घिरट्यांमुळे एक धोका वाढतो. बदक दोन्ही बाजूंनी येतं आणि त्याच्यामागे नळी फिरवता फिरवता ती शेजारच्या खुंटीवरच्या माणसावरून जाते. समोरून आलेलं बदक मागे गेल्यावर मारायचं असेल तर नळी सरळ आभाळाकडे उभी करा, पाय वळवा, मग मागे खाली आणा. पक्ष्यामागे आभाळ दिसत नसेल तर बार नाही. पाण्यालगत कधीच नाही. पोलादाचा छर्रा पाण्यावरून आणि दगडावरून टप्पा खातो.

त्या सकाळी आठ बंदुकांनी 118 काडतुसांत 27 बदकं पाडली, बहुतेक मॅलार्ड. एकेका बदकाला चार-साडेचार बार पडले. थंड वाऱ्यात, उंच बदकांवर हे वाईट नाही. तळ्यावर शंभराहून जास्त बदकं असूनही गेमकीपरने, म्हणजे शिकारीची जमीन राखणाऱ्याने, वीस मिनिटांत हाका थांबवला. जास्त ताणलं तर बदकं आठवडाभर परतत नाहीत.

जेवण दोनला आटपा. संध्याकाळच्या तयारीला वेळ लागतो आणि जानेवारीत तिथे चारच्या सुमारास सूर्य बुडतो.

डबक्याची तयारी गेमकीपर ऑक्टोबरपासून करत असतो. रोज दुपारी अर्धी बादली बार्ली काठाच्या उथळ पाण्यात, वीत-दीड वीत खोलीला टाकायची. मॅलार्ड आणि टील बुडी मारत नाहीत, शेपूट वर करून मान पोचेल तेवढंच खातात. खोल पाण्यात टाकलेला दाणा कुजतो. सकाळी दाणा संपलेला आणि पाण्यावर पिसं तरंगताना दिसली की बदकं लागली म्हणायचं. दाणा शिल्लक असेल तर त्या संध्याकाळी बसण्यात अर्थ नाही.

बसायची जागा वाऱ्यावर ठरते. बदक नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उतरतं, म्हणून वारा पाठीवर घेऊन बसलं की ते समोरून येतं. हिवाळ्यात सूर्य नैऋत्येला मावळतो. त्या दिवशी वारा ईशान्येचा होता, म्हणजे पाठीवर वारा आणि समोर मावळतीचा उजेड, याहून चांगला योग नाही. पश्चिमेचा वारा असता तर दोन्ही जमत नाही. तेव्हा वारा एका खांद्यावर घ्या आणि उजेड तिरपा समोर ठेवा. उजेडाला पाठ करून बसलेल्याला बदकांचे पंख फक्त ऐकू येतात.

डबकं लहान असल्याने तिथे चारच जण बसले, उरलेले ओढ्याकाठी. दबा साधा असावा: छातीपर्यंत बोरूचे तट्टे, आत बसायला खोकं, वर मोकळं. बारा डिकॉय, म्हणजे खोटी बदकं, दोन झुबक्यांत, मध्ये उतरायला मोकळी जागा. सगळ्यात लांबचा डिकॉय पावलांनी मोजून तीस मीटरवर ठेवा. अंधारात अंतराचा अंदाज फार चुकतो आणि हा डिकॉयच मोजपट्टीचं काम करतो. त्याच्यापलीकडे बार नाही. चेहरा झाका, टोपीची कड खाली ओढा, आणि बदक वर असताना मान वर करू नका, डोळे फिरवा. जिवंत बदक बांधून ठेवणं, ध्वनिमुद्रित आवाज लावणं आणि कृत्रिम प्रकाशात मारणं कायद्याने बंद आहे. तोंडाने वाजवायची शिटी चालते, पण कमी वाजवलेली बरी.

सूर्य गेल्यावर पंधरा-वीस मिनिटं काहीच होत नाही. मग टील येतात, आवाज न करता, वेगाने आणि बुटके. दचकले की सरळ वर उसळतात. त्यांच्या पुढे नाही, वर नेम धरावा लागतो. मॅलार्ड दोन-तीन फेऱ्या घेऊन, पाय खाली सोडून, पंख कमानदार करून उतरतात. हीच वेळ. पहिल्या फेरीला हललात तर तो थवा गेला. विजन जातीची बदकं सगळ्यात उशिरा, शिट्टी घालत येतात. पूर्ण चंद्र आणि पातळ ढग असतील तर त्यांच्यासाठी थांबण्यात अर्थ आहे. निरभ्र चांदण्यात मात्र काळ्या आभाळावर काही दिसत नाही.

चार जणांनी अकरा बदकं घेतली आणि शिट्टी वाजली, तेव्हा थवे अजून येत होते. बदकं येत असतानाच उठायचं, म्हणजे उरलेली निवांत खाऊ शकतात आणि उद्याही येतात. त्याच डबक्यावर पुन्हा बसायला दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

प्रत्येक बदक पडलं की जागा मनात पक्की करा, एखाद्या खांबाच्या किंवा झुडपाच्या रेषेत. हलत असलेल्यावर दुसरा बार लगेच, पाण्यालगत नसेल तर. जखमी बदक बोरूत शिरलं की माणसाला सापडत नाही, लॅब्राडोरला सापडतं. कुत्र्याशिवाय फ्लाइटला बसू नका. आधीपासून मेलेलं किंवा मलूल पडलेलं बदक दिसलं तर हात लावू नका. बर्ड फ्लूमुळे ते गेमकीपरला सांगून सोडायचं असतं.

पाडलेली बदकं ढिगात टाकू नका. छातीतली ऊब तशीच राहिली की मांस आंबतं. मानेला दोरी लावून, एकमेकांना न चिकटवता टांगा आणि रात्रीच 4 अंशांखाली न्या. बदकाला फेजंटएवढं टांगायची गरज नाही, एक-दोन दिवस पुरे. सोलताना शेपटीवरची तेलाची गाठ कापा, नाहीतर रश्श्याला वास येतो. एक मॅलार्ड दोघांना, टील एकाला. पोलादाचा छर्रा दाताचा तुकडा पाडतो. शिजवण्याआधी कापलेल्या मांसावरून एक चांगलं लोहचुंबक हळू फिरवा, वरवरचे छर्रे चिकटून येतात. खोलवरचे बोटाने चाचपून काढावे लागतात.

निघताना गेमकीपरला बक्षिशी हस्तांदोलनातच घडी घातलेल्या नोटेने देतात. किती द्यायची ते शिकारप्रमुखाला आधी बाजूला घेऊन विचारा. आणि न सापडलेल्या बदकांच्या जागा कागदावर काढून त्याच्याकडे ठेवा. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो कुत्री घेऊन पुन्हा फिरतो. त्या वेळी ओढ्याकाठच्या बोरूतून दोन मिळाली.