मॅम टॉरचा मोडलेला रस्ता: जाणाऱ्यांसाठी सविस्तर माहिती

इंग्लंडमध्ये डर्बीशरच्या डोंगरात कॅसलटन नावाचं छोटं गाव आहे. गावातून पश्चिमेला निघालेला जुना ए-६२५ रस्ता मॅम टॉर डोंगराच्या अंगावर चढतो आणि तिथेच खचून, फाटून पडला आहे. दुरुस्ती करून करून अखेर १९७९ साली तो वाहनांना कायमचा बंद झाला. आज त्यावरून कुणीही चालत जाऊ शकतं. तिकीट नाही, परवानगी नाही.

काउन्सिलचे, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाचे, बंद पडलेले रस्ते-दुरुस्तीचे डेपो बघायची हौस अनेकांना असते. पण तिथे कुंपण ओलांडावं लागतं, जुन्या छपरांत फुप्फुसांना घातक असलेलं अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, गाड्या दुरुस्त करायचे खड्डे गवताखाली झाकलेले असतात. माझं स्पष्ट मत आहे, तिकडे जाऊ नका. रस्ता दुरुस्त करणाऱ्यांचं काम बघायचं असेल तर ते इथे उघड्यावर, जास्त चांगलं दिसतं.

गावातून चालायला लागलं की डाव्या हाताला आधी ओडिन ही शिशाची जुनी खाण लागते. धातूचा दगड भरडायचं गोल लोखंडी घाणं आणि त्यावरचं दगडी चाक अजून जागेवर आहे. तिथे जरूर थांबा, कारण रस्त्याशी या खाणीचा थेट संबंध आहे. १८१९ साली एका टोल कंपनीने हा रस्ता बांधला, तेव्हा भरावाला याच खाणीतला टाकाऊ दगड वापरला होता. आधीची वाट शेजारच्या विनॅट्स खिंडीतून जायची आणि तिचा चढ घोडागाड्यांना फार जड जायचा. म्हणून सौम्य चढाचा, मोठ्या वळणाचा हा घाट काढला. तो नेमका सरकत्या डोंगराच्या अंगावरून, खालून एकदा आणि वळण घेऊन वरून पुन्हा एकदा गेला.

खाणीच्या पुढे फाटक आहे. फाटकाच्या पलीकडे थोडा वेळ सगळं नेहमीसारखं वाटतं, मधली पांढरी रेघसुद्धा दिसते. मग रस्ता अचानक पायरीसारखा खाली जातो. तुटलेल्या कडेपाशी खाली बसून नीट बघा. खडी, डांबर, परत खडी, परत डांबर, असे थरावर थर. काही ठिकाणी ही सगळी जाडी दोन मीटरच्या आसपास भरते. प्रत्येक थर म्हणजे कुणीतरी केलेली एक दुरुस्ती. १९१२, १९३३, १९४६, १९५२, १९६६ या सालांत इथे मोठी कामं झाली. १९७४ च्या ओल्या हिवाळ्यानंतर रस्ता पुन्हा खचला, १९७७ पासून रस्त्याच्या एकाच बाजूने वाहतूक सुरू ठेवली आणि दोन वर्षांनी काउन्सिलने हात टेकले. आपल्याकडच्या घाटात दरड पडल्यावर राबणारे मैलकुली ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे थर बघून भरून येईल. मला आलं.

डांबर कितीही ओतलं तरी उपयोग नव्हता, कारण दुखणं फार खोल आहे. मॅम टॉरच्या तळाशी मऊ, चिकणमातीसारखा शेल दगड आहे आणि वर वालुकाश्माचे थर. पाणी मुरलं की शेलचा जोर जातो आणि वरचा सगळा उतार सरकतो. ही दरड काही हजार वर्षं जुनी आहे, आणि तिची हालचाल अजून थांबलेली नाही. सलग ओल्या हिवाळ्यात ती वाढते. सह्याद्रीचा काळा पाषाण बघायची सवय असलेल्या डोळ्यांना हा भुसभुशीत कडा नवाच वाटतो.

आता काळजी. भेगांवर गवत वाढलं आहे, पाय आत जाऊन मुरगळू शकतो. घोट्याला आधार देणारे बूट घाला. तुटलेल्या कडेच्या अगदी टोकाला उभं राहू नका, खालचा भाग पोकळ असतो. लहान मुलांचा हात सोडू नका. मोठ्या पावसानंतर लगेच जाऊ नका. मॅम टॉरच्या उघड्या कड्याखाली तर कधीच रेंगाळू नका, तिथून दगड सुटतात. उन्हाळ्यातही वारा झोंबतो, जर्किन बरोबर ठेवा.

वरच्या टोकाला ब्लू जॉन गुहा लागते. तिथून पुढे चढून ५१७ मीटरच्या माथ्यावर जाता येतं. माथ्यावर प्राचीन किल्ल्याचे मातीचे तट आहेत आणि फरसबंद पायवाट आहे. उतरताना विनॅट्स खिंड घेतलीत तर गवताच्या पट्ट्यावरून चाला, कारण आता गाड्यांची सगळी वर्दळ त्याच अरुंद, उभ्या रस्त्यावर असते. मला विचाराल तर माथ्यावरून डोंगरधारेने हॉलिन्स क्रॉस या खिंडीपर्यंत जाऊन तिथून गावात उतरा. मोडलेला सगळा घाट वरून एका नजरेत दिसतो.

शेफील्ड किंवा मँचेस्टरहून येणाऱ्यांनी होप स्टेशनला उतरावं. तिथून कॅसलटन साधारण तीन-चार किलोमीटर, सपाट रस्ता आहे, बसही मिळते. सुट्टीच्या दिवशी गावातले वाहनतळ लवकर भरतात, म्हणून गाडीपेक्षा रेल्वे सोयीची. परतीच्या गाड्या वारंवार नाहीत, रविवारी तर वेळापत्रक आधीच बघून ठेवा. जेवणाचा डबा न्या, घाटावर काही मिळत नाही.